लव्हाळा, ऊस आणि शेजारची बाग

(दृश्य: पलूस तालुका, सांगली जिल्हा. लहान ऊस, बांध, बांधापलीकडे द्राक्षाचा मांडव.)

कृष्णाकाठचं काळं रान. बांधाच्या अलीकडे ऊस, पलीकडे द्राक्षबाग. दोन्हीकडे पाणी आहे, खत आहे, म्हणजे तणाचीही चंगळ आहे. हराळी, केना, घोळ, माठ, दुधी, सगळे हजर. पण भांगलायला, म्हणजे खुरप्यानं तण काढायला, आलेल्या बायकांना विचारलं की सगळ्यात वैताग कशाचा, तर नाव एकच येतं. लव्हाळ्याचं.

(दृश्य: खुरपं, ओली माती, हातातली गाठ अगदी जवळून.)

ही गाठ बघा. बोराच्या बीएवढी, वरून काळपट आणि खरखरीत. मोडली की आत पांढरी, आणि वास थेट उटण्याचा. दिवाळीच्या उटण्यात पडणारा नागरमोथा तो हाच, नाहीतर याचा भाऊबंद. बारीक मुळीवर अशा गाठी एकीमागे एक ओवलेल्या असतात. माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ फुटते, मागच्या बहुतेक झोपून राहतात. खुरप्यानं किंवा रोटाव्हेटरनं माळ तुटली की त्या जाग्या होतात आणि एकेकीला कोंब येतो. रोटर मारून रान साफ झालं म्हणून मालक खूश होतो. दोन आठवड्यांत तेच रान पहिल्यापेक्षा हिरवं दिसतं. वर रोटरच्या पात्यांना चिकटलेल्या चिखलातून चार गाठी पुढच्या शेतात जातात, त्या वेगळ्याच.

1977 साली तणशास्त्रज्ञांनी जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांची क्रमवारी लावली, तेव्हा पहिला नंबर लव्हाळ्याला मिळाला. भाजीच्या प्लॉटवर मल्चिंग पेपर अंथरला की बाकीचं तण खाली पिवळं पडून मरतं. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो. तो पेपर भोसकून वर येतो.

मग याला मारायचं कसं? सगळ्यात स्वस्त उपाय जुनाच आहे: उन्हाळ्यात खोल नांगरट करायची आणि ढेकळं तापू द्यायची. वर आलेली गाठ उन्हात सुकली की मेली. अडचण अशी, की बागायती रान उन्हाळ्यात मोकळं असतंच कुठं? ऊस वर्ष-दीड वर्ष उभा, त्यामागं खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पुढचं पीक. ज्या शेतकऱ्याला हा उपाय हवा, त्यालाच तो करता येत नाही.

दुसरा उपाय सावलीचा. मोठी बांधणी, म्हणजे बुंध्याला मातीची भर, होऊन ऊस दाटला की लव्हाळा आपोआप मागे पडतो. त्याला ऊन लागतं. तोवरचे तीन-चार महिने मात्र माणसानं काढायचे. कोंब आल्यापासून तीन-चार आठवड्यांत नव्या गाठी धरायला लागतात. त्याआधी भांगलण झाली, पुन्हा उगवल्यावर पुन्हा झाली, तर जुन्या गाठीतला साठा संपत जातो. महिनाभर उशीर झाला की मजुरी वाया गेली म्हणायची. आणि बायका मिळत नाहीत, रानात पाय टाकण्याजोगा वाफसा येत नाही, त्यामुळं उशीर होतोच.

(दृश्य: पाठीवरचा पंप, पट्टा नोझल, उसाच्या सरीतून चालणारा माणूस.)

म्हणून तणनाशकाचा पंप पाठीवर येतो. ॲट्राझिन या तणनाशकानं लव्हाळ्याचं फारसं बिघडत नाही. हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल, एकरी 36 ग्रॅम, हे उसातलं खास लव्हाळ्याचं औषध. सावकाश काम करतं, पण गाठीपर्यंत पोचतं. ते महाग पडतं म्हणून अनेक जण टू-फोर-डी या तणनाशकावर भागवतात. त्यानं पात जळते, खालची गाठ शाबूत राहते, आणि बांधापलीकडे वेगळंच संकट उभं राहतं.

(दृश्य: द्राक्षाचा शेंडा. पानं पंख्यासारखी आखडलेली.)

हे पान निरखून बघा. शिरा एकमेकींना चिकटून समांतर, कडेला लांब दाते, पान अर्धवट मिटलेला पंखाच. करपा नाही, विषाणू नाही. शेजारच्या उसात मारलेलं टू-फोर-डी वाऱ्यावर आलंय. ऊस गवतवर्गी, त्याला ते सोसतं. द्राक्षाला त्याचा अंशही सोसत नाही. कपाशीचीही तीच गत, तिची पानं भेंडीसारखी होतात. त्यातही टू-फोर-डीचा इथाइल इस्टर हा प्रकार असेल तर वारा पडलेला असतानाही सुटका नाही. उन्हानं त्याची वाफ होते आणि फवारणी आटपल्यावरही ती पसरत राहते.

कधी कधी दोष शेजाऱ्याचा नसतोच. उसाला वापरलेला पंप नुसता विसळून बागेत आणला तरी हेच होतं. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवावा, यात काटकसर करू नये.

बागेतलं तण बागायतदार शक्यतो कापूनच ठेवतात. बोदावर, म्हणजे वेलीच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्यावर, ठिबकच्या थेंबाखाली खुरपं. दोन ओळींत ब्रश कटर किंवा विडर. वर पाचटाचं आच्छादन. कारण ग्लायफोसेटसारखं तणनाशक खोडाजवळच्या हिरव्या फुटव्यावर पडलं तर वेल ते आत ओढून घेतो.

खरी गोची वेळेची आहे. सुरू उसात, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला लावलेल्या उसात, आणि खोडव्यात तणनाशक मारायचे दिवस मार्च-एप्रिलचे. बागेत नव्या काड्यांसाठीची खरड छाटणी एप्रिलची, म्हणजे कोवळी फूट नेमकी त्याच सुमाराला बाहेर. त्या फुटीवर वाऱ्यानं टू-फोर-डी आलं की उतारा नाही. सूक्ष्मघडनिर्मिती, म्हणजे पुढच्या घडांची डोळ्याच्या आत होणारी घडण, त्याच काडीत होणार असते. तिथं काय बिघडलं ते लगेच दिसत नाही. ऑक्टोबरच्या, फळासाठी घेतल्या जाणाऱ्या गोडी छाटणीनंतर घड मोजायला घेतले की कळतं, आणि तोवर शेजारचा ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो.