दम आधी येतो, गुडघे मागून

मंडळी, पंधरा-वीस वर्षं खुर्चीत काढून पंचेचाळिशीत घेतलेली सायकल सुटते कधी? पहिल्या आठवड्यात सहसा नाही, तो उत्साहावर निघून जातो. बरेचदा ती सुटते महिना-दीड महिन्यानं, म्हणजे नेमकी जमायला लागल्यावर. लोक स्वतःच्या आळसाला बोल लावतात, पण गोम वेगळीच आहे.

व्यायाम सुरू झाला की एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग वाढतो आणि हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. पायांचे स्नायूही पाठोपाठ साथ द्यायला लागतात. मागे राहते ती कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. तिला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तिची सुधारणा महिन्यांच्या हिशेबात चालते. इकडे दम पुरतोय म्हणून माणूस अर्ध्या तासाचे थेट दोन तास करतो, आणि दोन दिवसांनी जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीखाली कळ येते. तेव्हा दम पुरतोय एवढ्यावर मजल वाढवायची नाही.

मग वाढवायची कशी? पहिले दोन आठवडे दिवसाआड २० मिनिटं, सपाट रस्त्यावर. पुढचे दोन आठवडे ३० मिनिटं. त्यानंतर आठवड्यातला एकच दिवस लांबवायचा, तोही १० मिनिटांनी. बाकीचे दिवस आहेत तसेच. दर चौथ्या आठवड्याला एकूण वेळ तिसऱ्या हिश्शानं कमी करायचा. हा आठवडा वाया गेल्यासारखा वाटतो आणि नेमका तोच लोक गाळतात. मोजायची ती मिनिटं. किलोमीटर मोजलेत तर समोरून वारा असलेल्या दिवशी उगीच कालच्या आकड्याशी भांडत बसाल. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाची आहे. तिथे तीन महिन्यांत पोचलात तरी उत्तम.

जोर किती लावायचा? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. ही परीक्षा मनगटावरच्या यंत्रापेक्षा या वयात जास्त भरवशाची, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, नाडी दाबून ठेवतात आणि मग आकडा फसवतो. हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. इन्शुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवायचीच. छातीत दाटलं, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच उतरायचं आणि ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवायची. ‘एवढा चढ संपवतो’ हे चालणार नाही.

आता सीटकडे येऊ, कारण निम्मी दुखणी तिथे आहेत. नव्यानं बसणारा माणूस सीट इतकी खाली घेतो की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतील. पडायची भीती असते, समजण्यासारखं आहे. पण मग पायडल वर आलं की गुडघा फार दुमडतो, आणि दुमडलेल्या गुडघ्यावर जोर दिला की वाटी मागच्या हाडावर दाबली जाते. उंची अशी लावा: कुणाला तरी सायकल धरायला सांगा, सीटवर सरळ बसा, पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, कंबर कलता कामा नये. मग टाचेऐवजी चवडा ठेवा. गुडघ्याला आपोआप हवा तेवढा बाक येतो. चालवायचं चवड्यावरच. सीटच्या दांड्यावर ‘किमान आत’ अशी खूण असते, ती बाहेर दिसू द्यायची नाही, नाहीतर दांडा वाकतो किंवा फ्रेमला तडा जातो. ठरलेल्या उंचीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा. पुढचा बदल एका वेळी ३ ते ५ मिलिमीटर, आणि त्यावर दोन-तीन फेऱ्या मारून मगच दुसरा.

वाटीच्या पुढे दुखलं तर सीट बहुधा खाली आहे. गुडघ्याच्या मागे ताणलं किंवा कंबर डावी-उजवी हलली, तर वर आहे.

‘पण मग थांबल्यावर पाय कसा टेकणार?’ बसून टेकायचाच नाही. थांबताना ब्रेक दाबत एक पायडल खाली ठेवायचं, त्यावर उभं राहून सीटच्या पुढे सरकायचं आणि दुसरा पाय जमिनीवर. निघताना उलट: एक पायडल घड्याळातल्या दोनच्या काट्यावर आणायचं, त्यावर वजन टाकायचं, सायकल पुढे सरकली की सीटवर. मोकळ्या मैदानात वीस वेळा केलं की अंगवळणी पडतं.

दुखतं एकीकडे आणि बिघाड दुसरीकडे, असंही होतं. करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येतात, लोक हातमोजे बदलतात. पुष्कळदा सीटचं नाक खाली झुकलेलं असतं, अंग पुढे घसरतं आणि सगळा भार तळहाताच्या कडेवरून जाणाऱ्या शिरेवर पडतो. सीट सपाट करा, कोपरं थोडी वाकलेली ठेवा, हँडल उंच घ्या. तशीच गोष्ट मऊ सीटची. गुबगुबीत सीट दुकानात छान वाटते, पण तासाभरात बसायची दोन हाडं तिच्यात रुततात आणि दाब मधल्या नाजूक भागावर येतो. त्या हाडांना पुरेशी रुंद आणि जरा कडक सीट बरी. दर दहा मिनिटांनी पंधरा सेकंद पायडलवर उभं राहा. तिथला बधिरपणा सहन करत बसू नका.

गिअर असतील तर हलका घ्या. जड गिअरमध्ये व्यायाम जास्त होतो ही समजूत गुडघ्याला महागात पडते. उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा. वीस वेळा म्हणजे मिनिटाला ८० फेरे. सुरुवातीला ७० चालतील, ५० वर असाल तर गिअर जड आहे. चढाचा गिअर चढाआधीच बदलायचा. जोर लावलेल्या चेनवर बदललात तर कडकड आवाज येतो आणि कधी चेन उतरते.

घरात वर्षानुवर्षं पडलेली सायकल काढणार असाल, तर टायरच्या बाजूला चिरा आहेत का पाहा आणि ब्रेकचे कडक झालेले रबर बदलून घ्या. हवेचा दाब टायरच्या कडेवर छापलेला असतो. अंगठ्यानं दाबून अंदाज करू नका. हवा कमी असताना खड्ड्यात गेलं की ट्यूब रिममध्ये चेंगरते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडी दिसली तर टायरमध्ये काटा शोधत बसू नका, पंप विकत घ्या.

एक गोष्ट सायकल करत नाही. वजन सीटवर असल्यानं हाडांवर भार येत नाही, आणि पन्नाशीनंतर हाडांना तो हवा असतो. म्हणून आठवड्यातून दोनदा जिने चढा, शिवाय हात न टेकता खुर्चीतून उठाबशा काढा, दहा-दहाच्या तीन खेपा. आजारपणानं दोन आठवडे खंड पडला, तर परत निम्म्या मिनिटांवर यायचं. दम पहिल्याच दिवशी ‘पूर्ण कर’ म्हणेल. तिकडे लक्ष देऊ नका.