टोकियोत न मिळणारं कार्ड

नमस्कार मंडळी! आधी हे बघा. (लाल कार्ड कॅमेऱ्यासमोर धरते) हा दारुमा, नवस बोलायची गोल जपानी बाहुली. कार्ड चौकोनी नाही, बाहुलीच्याच आकारात कापलंय. पण उलटं केलं की पत्त्याची जागा, मजकुराची जागा, तिकिटाची जागा. म्हणजे पोस्टकार्डच! मी टोकियोत राहते, निशी-कासाईला. आमच्या कोपऱ्यावरच्या पोस्टात हे मागितलं तर मिळणार नाही. दारुमा गुन्मा प्रांतातल्या ताकासाकीचा, म्हणून कार्डही गुन्मातल्या पोस्टात.

याचं नाव गोतोची फॉर्म कार्ड. गोतोची म्हणजे 'इथलं, या भागाचं'. जपानच्या पोस्टाने ही 2009 साली काढली. जपानचे प्रांत 47, आणि प्रत्येकाची आपापली कार्डं. ओसाकाची ताकोयाकी (ऑक्टोपसचे गोळे), कागावाचे उदोन (जाड नूडल्स), आओमोरीचं सफरचंद, ओकिनावाचा शिसा (घर राखणारा सिंहासारखा प्राणी).

माझं लाडकं मात्र फुकुशिमाचं. आकाबेको, म्हणजे आइझु भागातली मान डोलावणारी लाल गाय. मूळ खेळणं कागदाच्या लगद्याचं. तिच्या अंगावरचे काळे ठिपके म्हणजे देवीचे व्रण, असं सांगतात. लाल रंगाने रोग दूर राहतो या श्रद्धेने ती लहान मुलांना देत. माझ्या आजीच्या दंडावर देवीच्या लशीचा गोल व्रण होता. ही गाय हातात घेतली की मला तो दंड आठवतो.

आता टोकियोत बसून फुकुशिमाची गाय आणायची कशी? अदलाबदल करून. मी टोकियोची कार्डं जोडीने घेते. एक माझं, दुसरं कुणाला तरी. माणसं भेटतात पोस्टक्रॉसिंगवर, म्हणजे जगभरच्या अनोळखी लोकांना पोस्टकार्डं पाठवायच्या संकेतस्थळावर. ते 2005 साली एका पोर्तुगीज तरुणाने सुरू केलं. तिथे कार्ड कुणाला जाणार हे आपल्या हातात नसतं, पण ओळख झाली की दोघांच्या संमतीने थेट अदलाबदल करता येते.

पैशांचं लक्षात ठेवा. आकार वेगळा असल्यामुळे साध्या पोस्टकार्डाचं तिकीट चालत नाही. ऑक्टोबर 2024 पासून जपानमध्ये साध्या कार्डाला 85 येन लागतात, याला 50 ग्रॅमपर्यंत 140. भारतात पाठवायचं असेल तर खिडकीवर वजन करून घ्या आणि मगच तिकीट लावा.

आणि शिक्का! मला विचाराल तर शिक्क्याशिवाय हे कार्ड अर्धंच. बऱ्याच पोस्टांत 'फूकेइ-इन' असतो, त्या गावचा देखावा कोरलेला तांबूस तपकिरी शिक्का. पहिला 1931 साली फुजी पर्वतावर वापरात आला. खिडकीवर एवढंच म्हणायचं, "फूकेइ-इन ओनेगाइशिमास," म्हणजे 'फूकेइ-इन मारून द्या, प्लीज'. गावाला जाणं जमत नसेल तर तिकीट लावलेलं, पत्ता लिहिलेलं कार्ड पाकिटात घालून त्या पोस्टाला पाठवायचं, सोबत विनंतीची चिठ्ठी. तिथली माणसं शिक्का मारून ते कार्ड पुढे रवाना करतात. शिक्का बहुतेक वेळा इतका स्वच्छ उमटलेला असतो की मारणाऱ्याने श्वास रोखला असणार, असं वाटतं.

आता हे शेवटचं. (पीचमधून निघालेल्या मुलाचं कार्ड दाखवते) मोमोतारो, जपानी लोककथेतला नायक, ओकायामाचा. तिथल्या एक आजी माझ्याशी अदलाबदल करतात. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून घडवलंय. हे मी त्यांना लिहिलं आणि माझ्या बहिणीचा पुण्याचा पत्ताही दिला. दोन आठवड्यांनी बहिणीचा फोन आला, "अगं, माझ्याकडे एक मुलगा आलाय, पीचमधून!" मागे आजींनी थरथरत्या अक्षरात विचारलं होतं, तुमच्या बागेतल्या तळ्यातही कोइ (रंगीत जपानी) मासे आहेत का?

बहीण रविवारी बागेत जाऊन आली. तळ्याचा फोटो छापून घेतलाय. पोस्टाच्या फिलाटेली ब्युरोत चित्रशिक्क्याची चौकशी करून ती तो ओकायामाला पाठवणार आहे. मासे आहेत.