माळ्यावरचे राखणदार : अमेरिकेच्या किनाऱ्यावरील हौशी वैमानिकांची गस्त, १९४२-४३

श्रोतेहो, युद्धातील वैमानिक म्हटले की गणवेशातला, सरकारी विमानात बसलेला तरुण आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांतील अनेकांना वयामुळे किंवा प्रकृतीच्या एखाद्या उणिवेमुळे सैन्यात प्रवेश नव्हता. त्यांच्याकडे होते ते स्वतःच्या पैशाने घेतलेले, एका इंजिनाचे, सुटीच्या दिवशी हौसेने उडवायचे विमान. याच विमानांनी सुमारे अठरा महिने अटलांटिक महासागरावर आणि मेक्सिकोच्या आखातावर गस्त घातली. तिचे मोल नेमके कशात होते, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

न्यू जर्सी राज्याचे विमानवाहतूक संचालक गिल रॉब विल्सन यांनी युद्धापूर्वीचा जर्मनी पाहिला होता. युद्ध पेटले की आपल्याकडील खासगी विमाने जमिनीवर उभी करून ठेवण्याचा हुकूम निघेल आणि एवढे मोठे कौशल्य वाया जाईल, ही चिंता त्यांना लागली होती. त्यांच्या खटपटीला यश येऊन १ डिसेंबर १९४१ रोजी नागरी संरक्षण कार्यालयाच्या छत्राखाली ‘सिव्हिल एअर पेट्रोल’ (नागरी हवाई गस्त) ही संघटना स्थापन झाली. या कार्यालयाचे प्रमुख होते न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला ग्वार्डिया. त्यानंतर सहाच दिवसांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला.

परंतु या संघटनेला खरे काम मिळाले ते जर्मन पाणबुड्यांमुळे. जानेवारी १९४२ मध्ये त्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापाशी पोहोचल्या, तेव्हा तेथील शहरांचे दिवे अजून रात्रभर जळत होते, आणि त्या उजेडाच्या पार्श्वभूमीवर तेलवाहू जहाजांच्या आकृत्या पाणबुडीच्या कप्तानाला स्पष्ट दिसत. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसांना समुद्रात जळणारी जहाजे दिसू लागली. नौदलाजवळ गस्तीची जहाजे कमी होती, विमानेही कमी होती. तरीही हौशी वैमानिकांना या कामात घेण्यास सेनाधिकारी राजी नव्हते. नुकसान सर्वांत जास्त सोसणाऱ्या तेल कंपन्यांनी मात्र उत्साह दाखवला आणि सन ऑइलसारख्या कंपनीने सुरुवातीच्या तळांना पैशाचा हातभार लावला. अखेर मार्च १९४२ मध्ये नव्वद दिवसांचा प्रयोग म्हणून गस्तीला परवानगी मिळाली. न्यू जर्सीतील अटलांटिक सिटी, डेलावेअरमधील रिहोबोथ आणि फ्लोरिडाचा दक्षिण किनारा येथे पहिले तीन तळ उभे राहिले. पुढे मेन राज्यापासून टेक्सासपर्यंत त्यांची संख्या २१ झाली.

वैमानिकाला दिवसाला आठ डॉलर आणि जमिनीवरील माणसाला पाच डॉलर भत्ता मिळे. त्यातूनच राहण्याखाण्याचा खर्च भागवायचा असे. विमाने स्टिन्सन, फेअरचाइल्ड अशा बनावटीची, बहुतेक चाकांची, म्हणजे पाण्यावर उतरू न शकणारी होती. किनाऱ्यापासून पन्नास-साठ मैलांवर इंजिन बंद पडले तर विमानासह समुद्रात कोसळण्यावाचून गत्यंतर नसे. म्हणून विमाने जोडीने निघत. एक पडले तर दुसऱ्याने वर घिरट्या घालत बिनतारी यंत्रावरून मदत मागवायची, अशी पद्धत होती. पाण्यात पडून जिवंत परतलेल्यांचे एक मंडळच तयार झाले. त्याचे नाव ‘डक क्लब’, म्हणजे बदकांचा क्लब. माणसे मृत्यूची थट्टा करतात ती बहुधा त्याला रोज भेटत असतात म्हणून, असे मला हे नाव वाचताना वाटले.

२१ जुलै १९४२ रोजी रिहोबोथच्या तळावरील एक विमान असेच समुद्रात पडले. त्या तळाचे ह्यू शार्प आणि एडमंड एडवर्ड्स हे दोघे जमिनीवर व पाण्यावर दोन्हीकडे उतरणारे सिकोर्स्की विमान घेऊन गेले आणि खवळलेल्या लाटांवर उतरले. वाचलेल्या एका वैमानिकाला त्यांनी आत घेतले; दुसरा सापडला नाही. उतरताना एका पंखाखालचा तरंगता आधार मोडल्यामुळे विमान पुन्हा उडवणे अशक्य झाले होते. तेव्हा ते कलंडू नये म्हणून एडवर्ड्स दुसऱ्या बाजूच्या पंखावर जाऊन बसले आणि शार्प यांनी ते होडीसारखे किनाऱ्याच्या दिशेने हाकले. लाटांचे तडाखे सोसत एडवर्ड्स तासन्‌तास त्या पंखाला बिलगून राहिले. फेब्रुवारी १९४३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी या दोघांना ‘एअर मेडल’ दिले.

प्रारंभी या विमानांवर शस्त्र नव्हते. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतलेली पाणबुडी समोर दिसत असताना वैमानिकांना केवळ घिरट्या घालाव्या लागल्या आणि बॉम्बफेकी विमाने येण्यापूर्वी ती निसटली, अशी हकिकत संघटनेच्या इतिहासात ठळकपणे सांगितली जाते. त्यानंतर लहान विमानांच्या पोटाखाली शंभर पौंडी बॉम्ब आणि मोठ्यांखाली पाण्यात स्फोट होणारे सव्वातीनशे पौंडी डेप्थ चार्ज लटकले. दोन पाणबुड्या बुडवल्याचा दावा पुढे करण्यात आला, परंतु जर्मन नोंदींतून त्याला दुजोरा मिळत नाही. हा दावा बाजूला ठेवण्यात मला काहीच अडचण वाटत नाही, कारण माझ्या मते या गस्तीचे यश तेथे शोधायचेच नाही.

गस्तीचे अधिकृत आकडे पाहा. उड्डाणे ८६,६८५, हवेतील तास २,४४,६००, कापलेले अंतर सुमारे २ कोटी ४० लाख मैल. भागाकार केला तर वेग ताशी जेमतेम शंभर मैल निघतो. पाणबुडी दिसल्याच्या वार्ता १७३, म्हणजे पाचशे उड्डाणांमागे एक. अर्थात बहुसंख्य वैमानिकांनी पाण्याखेरीज काहीही पाहिले नाही. मग त्यांनी केले काय? आपल्याकडे जोंधळा निसवला की शेतात माळ्यावर राखणदार बसतो. त्याच्या गोफणीने किती पाखरे मेली, हे कोणी मोजत नाही. कणसांवर पाखरे बसली की नाही, एवढेच शेतकरी पाहतो. त्या काळची पाणबुडी पृष्ठभागावर ताशी सतरा-अठरा समुद्री मैल वेगाने धावू शके, पण पाण्याखाली बॅटरीवर तिचा वेग फार कमी होई आणि तोही फार काळ टिकत नसे. आकाशात ठिपका दिसताच कप्तानाला बुडी मारावी लागे, कारण ते विमान हौशी माणसाचे आहे की नौदलाचे, हे पारखत बसणे त्याला परवडणारे नव्हते. एकदा खाली गेलेली पाणबुडी वेगवान जहाजाचा पाठलाग करू शकत नसे.

अर्थात सगळे श्रेय या एका गस्तीला देणे चुकीचे ठरेल. मे १९४२ पासून पूर्व किनाऱ्यावर जहाजे संरक्षित ताफ्यांतून जाऊ लागली, किनाऱ्यावरचे दिवे मंद करण्यात आले, आणि जुलैमध्ये जर्मन पाणबुडी दलाचे प्रमुख ॲडमिरल डोनिट्झ यांनी आपल्या पाणबुड्या तेथून काढून घेतल्या. गस्त या सर्वांच्या जोडीला होती. तिने संकटातील ९१ जहाजांची खबर दिली आणि समुद्रात वाचलेल्या ३६३ माणसांचा ठाव सांगितला. माझ्या दृष्टीने हे दोन आकडे बुडवलेल्या पाणबुड्यांच्या दाव्यापेक्षा अधिक मोलाचे आहेत. त्यासाठी २६ जण मृत्युमुखी पडले आणि ९० विमाने नष्ट झाली.

सागरी गस्तीच्या उड्डाणांना स्त्रियांना परवानगी नव्हती, जरी त्या तळावर बिनतारी यंत्रे सांभाळत आणि देशाच्या अंतर्भागात संघटनेची इतर उड्डाणेही करत. शिकागोत विला ब्राउन ही कृष्णवर्णीय वैमानिका याच संघटनेत अधिकारी झाली. त्या काळच्या अमेरिकी सैन्यात वर्णभेद किती कडक होता हे लक्षात घेतले तर ही गोष्ट लहान नव्हती.

३१ ऑगस्ट १९४३ रोजी नौदलाने हे काम पूर्णपणे आपल्याकडे घेतले आणि गस्त थांबली. काही तळांवरील वैमानिक त्यानंतर विमानामागे लांब दोरीला नेमबाजीच्या सरावाचे कापडी लक्ष्य बांधून, खाली तोफा चालवायला शिकणाऱ्या आपल्याच सैनिकांसमोरून उडत राहिले.