जुन्या कपाटाची दारं फेकायच्या आधी

नमस्कार मंडळी. पाऊस उघडला आणि दिवाळीची साफसफाई निघाली की आपल्या बेळगावात शहापूर असो, वडगाव असो नाहीतर तिकडं निपाणी, घरोघरी एकच विषय, किचनची कपाटं जुनाट दिसायलीत, सगळं काढून मॉड्युलर करूया. थांबा की जरा. आधी दार उघडून त्याची कड बघा. आपल्याकडं जुन्या घरात खानापूर भागातल्या सागवानाची नाहीतर १९ एमएम प्लायची दारं सर्रास मिळतात, आणि असलं दार फेकून त्याजागी भुश्शाच्या बोर्डाचं आणायचं हे मला तरी पटत नाही. उलट दारच भुश्शाच्या बोर्डाचं असेल आणि खालून फुगलं असेल तर त्याच्यावर काहीही चिकटवू नका, ते जाणारच.

दार धड असेल तर सोपं काम म्हणजे दारावर पट्ट्या चिकटवून केलेली चौकट. ६ एमएम एमडीएफच्या (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) दोन-अडीच इंच रुंद पट्ट्या कापून घ्यायच्या, उभ्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत आणि आडव्या त्यांच्या मधे. सपाट पट्टीला कोपरा तिरका कापायची गरज नाही, नक्षीची बीडिंग असेल तर मात्र ४५ डिग्रीत कापावीच लागते, आणि तिथं हात बसलेला मिस्त्रीच हवा. प्रत्येक दाराचं माप वेगळं घ्या हां, जुनी दारं गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, असतातच असं नाही, एका मापानं सगळ्या पट्ट्या कापल्या की शेवटी फटी लांबी (पुट्टी) भरून बुजवत बसायचं.

आता खरी मेहनत चिकटवायच्या आधीची. वर्षानुवर्षं फोडणीच्या वाफेचा चिकट थर बसलेला असतो, तो सोड्याच्या गरम पाण्यानं पुसा, पूर्ण वाळू द्या, मग ८० नंबर पॉलिश पेपरनं सनमायकाची चमक जाईपर्यंत घासा. चकचकीत सनमायकावर फेविकॉल धरत नाही, पट्टी आज बसते आणि उन्हाळ्यात कोपऱ्यातून उचलते. चिकटवल्यावर बारीक पिना मारा, दार आडवं ठेवून रात्रभर वजन द्या.

खाचांची ती फ्लूटेड पॅनेल सध्या जो तो लावूलाय. दिसतात झकास, पण गॅसजवळ नको, एकेका खाचेतलं तेल कोण पुसणार? कपड्यांच्या कपाटाला नाहीतर टीव्हीखाली लावा. आणि अख्ख्या दारावर एकाच बाजूनं व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) किंवा सनमायका मारला तर दार वाकतं, मागच्या बाजूलाही काहीतरी लावायलाच लागतं. हे दुकानदार आपणहून सांगत नाही.

आपल्याकडचा पाऊस तर विसरूच नका, खानापूर-लोंढ्याकडं तर विचारूच नका, जूनपासून लाकूड फुगतं आणि दार घासायला लागतं. म्हणून दोन दारांमधे दोन-तीन एमएम फट ठेवा आणि एमडीएफच्या कापलेल्या कडांना प्रायमरचे दोन हात द्या, पाणी सगळ्यात जास्त तिथूनच पितो तो. काम शक्यतो कोरड्या दिवसात काढा, गणपतीआधी घाई करून रंग मारला तर तो वाळतच नाही.

वजनाचं पण बघा. ६ एमएम एमडीएफची ८ बाय ४ ची शीट १३ किलोच्या आसपास भरते, म्हणजे दीड बाय दोन फुटाचं दार पूर्ण मढवलं तर सव्वा किलो वाढलं. बिजागरीचे स्क्रू ढिले झाले असतील तर आगपेटीची काडी फेविकॉलात बुडवून भोकात ठोका, वाळली की स्क्रू परत आवळा. दाराची जाडी वाढली की बिजागरीच्या बाजूला ते शेजारच्या दाराला किंवा भिंतीला अडकू शकतं, म्हणून आधी एकाच दाराला पट्ट्या नुसत्या टेपनं लावून उघड-झाक करून बघा, मग बाकीच्यांना हात लावा. आणि हँडल पट्टीवर येत असेल तर जुना स्क्रू आखूड पडणार, दार घेऊन धावू नका, जुना स्क्रू खिशात टाकून हार्डवेअरवाल्याकडं जा आणि त्याच्यापेक्षा ६ एमएम लांब मागा.