शेवटाच्या जरा आधी

(सुई, दोरा, पुस्तकाचा कणा)
हे पुस्तक तिसऱ्यांदा बांधलं जातंय. आधी ओल्या फडक्यानं जुनी खळ मऊ करायची. पुठ्ठा सोडवायचा. फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचे जुडगे, एकेक मोकळे करायचे. मग जुन्याच भोकांतून सुई; नवी भोकं पाडली तर कागद फाटतो. शेवटी कण्यावर कापडाची पट्टी, आणि पुन्हा खळ.
पुस्तक बांधणारे काका म्हणतात, भुताचं पुस्तक नेहमी शेवटाच्या जरा आधी उसवतं. वाचणारा तिथंच परत परत जातो.

(कपाट. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा)
त्या उसवलेल्या पानांत सहसा भूत नसतंच. दाराबाहेर कुणीतरी आहे, एवढंच असतं.

(नाशिक. फाळके स्मारक, मागे पांडवलेणी)
आम्हा भयकथा वाचणाऱ्यांचं भांडण सिनेमाशी नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेबांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखवला. त्यांच्या मुलखात तसलं भांडण शोभणारही नाही. तक्रार एवढीच, की पडदा दार फार लवकर उघडतो.

(पावसातला गोदाघाट, रात्र)
स्टीफन किंगच्या 'द शायनिंग' या १९७७ च्या कादंबरीत हॉटेलच्या बागेत झुडपं छाटून केलेले सिंह आहेत. पाठ फिरली की ते जागा बदलतात. हलताना दिसत नाहीत. १९८० च्या चित्रपटात सिंह गेले, चक्रव्यूह आला. पुस्तकात बॉयलर फुटून हॉटेल जळतं. पडद्यावर हॉटेल राखणारा बाप बर्फात गोठतो. चित्रपट गाजला. किंगना मात्र तो कधीच रुचला नाही. १९९७ मध्ये त्यांनी स्वतः पटकथा लिहून मालिका करवून घेतली, सिंहांसकट. त्यात सिंह हलताना दिसले. झालं!

(पाऊस चालूच)
'तुंबाड'नं २०१८ मध्ये वेगळं केलं. धारपांच्या 'आजी' या कथेतला धागा उचलला, बाकी वाडा, पाऊस, हाव स्वतःची. पुस्तकाशी ताडून बघायला काही उरलंच नाही, म्हणून वाचकालाही तो खुपला नाही.

(सार्वजनिक वाचनालय, पाटी)
स्थापना १८४०. भाड्यानं पुस्तकं देणारी गल्लीतली दुकानं मात्र बरीचशी मिटली.

(दोन कुलपं. निवेदन नाही.)

(पुन्हा काका)
पट्टी वाळेपर्यंत पुस्तकावर पाटा ठेवायचा. पाटा घरचाच, वाटणाचा. पुस्तकाला मसाल्याचा वास येतो, अशी एकदा तक्रार आली होती.
रात्रभर असंच राहील. उद्या न्यायला कुणीतरी येणार आहे.