समुद्राचा तुरुंग : टास्मानियाचा जुना नकाशा

[दृश्य : संपूर्ण नकाशा. कॅमेरा कडेच्या वेलबुट्टीवरून सावकाश आत.]

लंडनच्या जॉन टॅलिसने 1851 साली छापलेला हा नकाशा. रेखाटन जॉन रॅपकिनचं. नाजूक वेलबुट्टी, मधूनमधून छोटी चित्रं. जुन्या नकाशांचे शौकीन तो हौसेने दिवाणखान्यात लावतात. शीर्षकात ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेच्या या बेटाची दोन नावं आहेत : व्हॅन डीमेन्स आयलंड किंवा टास्मानिया. पहिल्या नावाला कैद्यांची इतकी बदनामी चिकटली होती की 1856मध्ये ते सरकारदरबारातून गेलंच.

आपल्याकडे काळं पाणी म्हटलं की अंदमान. पण पोर्ट ब्लेअरची कैदी वसाहत 1858ची. त्याच्या पाचच वर्षं आधी इंग्रजांनी या बेटावर कैदी धाडणं बंद केलं होतं. तोवर 70,000हून जास्त माणसं इथे उतरवली गेली होती. कित्येकांचा गुन्हा चोरीच्या पुढचा नव्हता.

या नकाशात तुरुंग शोधायचा तर किनारा बघायचा.

[दृश्य : पश्चिम किनारा, जवळून.]

हे मॅक्वारी हार्बर. आत अफाट पाणी, पण समुद्राकडचं तोंड इतकं चिंचोळं की त्याला 'नरकाचं दार' म्हणत. आतल्या सारा बेटावर 1822पासून दुसऱ्यांदा गुन्हा केलेले कैदी ठेवले जात. कंबरभर गार पाण्यात उभं राहून ह्युऑन पाइनचे ओंडके ओढायचे आणि त्याच लाकडाची जहाजं बांधायची.

पाठीमागे रान. नकाशातही इकडे नावं विरळ होत जातात. अलेक्झांडर पिअर्स आणि त्याचे सात साथीदार 1822मध्ये या रानात पळाले. खायला काही उरलं नाही तेव्हा त्यांनी एकमेकांना मारून खाल्लं. रान ओलांडून बाहेर पडला तो एकटा पिअर्स.

समुद्राची वाट मात्र काहींना फळली. वसाहत गुंडाळताना बांधलेलं शेवटचं जहाज 'फ्रेडरिक' 1834मध्ये दहा कैद्यांनी पळवलं आणि पॅसिफिक ओलांडून थेट चिली गाठलं. सरकारनेच त्यांना जहाजबांधणीला लावलं होतं, हे आठवलं की हसू आवरत नाही.

[दृश्य : आग्नेय कोपरा. टास्मान द्वीपकल्प.]

पोर्ट आर्थरची कैदी वसाहत, 1830ची. या द्वीपकल्पाला जमिनीशी जोडणारी पट्टी म्हणजे ईगलहॉक नेक. रुंदी शंभर मीटरसुद्धा नाही. तिथे या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत कुत्री साखळीने बांधलेली असत. एकाची साखळी संपे तिथवर दुसऱ्याची पोहोचे. रात्री दिवे. उथळ पाण्यात मचाण घालून त्यावरही कुत्री. आतल्या भागात 1836पासून रूळगाडी होती, पण तिला इंजिन नव्हतं. साहेब वर बसत आणि कैदी ढकलत.

याच द्वीपकल्पाकडे 1830मध्ये आणखी कोणाला तरी हाकलायचा बेत होता. गव्हर्नर आर्थरने सैनिक, वसाहतवाले आणि कैदी मिळून सुमारे 2,200 माणसांची रांग रानातून पुढे सरकवली. शिकाऱ्यांचा हाकाच तो, फक्त पुढे जनावरं नव्हती, बेटाचे मूळ रहिवासी होते. काही आठवड्यांच्या या खटाटोपात पकडले गेले दोन.

[दृश्य : वर, बास सामुद्रधुनी. फ्लिंडर्स बेट.]

मग गोडीगुलाबीने, भरवसे देऊन मूळ रहिवाशांना इथे, वायबालेनाच्या वस्तीवर आणलं. इथेही पहाऱ्याला समुद्रच. आजारांनी माणसं जात राहिली. 1847मध्ये उरलेल्या 47 जणांना होबार्टच्या दक्षिणेला ऑयस्टर कोव्हला हलवलं. ती जागा म्हणजे कैद्यांचं रिकामं पडलेलं जुनं ठाणं.

टास्मानियाचे मूळ रहिवासी नामशेष झाले, असं पुढे कितीतरी पुस्तकांत छापलं गेलं. ते खोटं आहे. त्यांचे वंशज आजही त्या बेटावर राहतात, आणि 1995च्या कायद्याने ऑयस्टर कोव्हची जमीन त्यांच्या समाजाला परत मिळाली.