पाव्हणं कुठलं?

श्रोतेहो, नमस्कार.

आषाढीच्या गर्दीत पंढरपुरात रात्रभर लाऊडस्पीकर चालू असतो. अमुक गावच्या अमुक आजी, असाल तिथून पोलीस चौकीपाशी या, तुमची माणसं वाट बघताहेत. लाखोंच्या गर्दीत एक म्हातारी चुकते आणि तिचं नाव, गाव, तालुका सगळं आभाळात घुमतं. मठात, धर्मशाळेत आडवे झालेल्यांची झोपमोड होते, पण तक्रार कुणी करत नाही. आज ज्या चित्रपटांबद्दल बोलायचंय त्यांतही माणसं अशीच चुकतात. फक्त तिथं त्यांचं नाव पुकारायला कुणी नसतं. पाठीवर सॅक टाकून परमुलखात फिरायला निघालेली तरुण पोरं, नवं लग्न झालेली जोडपी, सुट्टीवर निघालेलं कुटुंब, आणि पुढं काय वाढून ठेवलंय याचा पत्ता नाही. भयपटांची ही एक अख्खी जातकुळी आहे. करवती, किंकाळ्या, रक्त हे सगळं तिच्यात असतं. पण मला विचाराल तर करवतीला आपण दहा मिनिटांत सरावतो. आपण नाहीसे झालो आणि ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही तर? या भीतीला मात्र सरावता येत नाही.

गोष्ट जुनीच आहे. 1897 साली ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' कादंबरी आली, तिची सुरुवातच प्रवासानं होते. इंग्लंडमधल्या वकिली पेढीतला एक तरुण घरखरेदीची कागदपत्रं घेऊन ट्रान्सिल्व्हानियाला निघतो. वाटेतल्या खाणावळीची मालकीण गुडघे टेकून त्याला विनवते, जाऊ नकोस म्हणते, स्वतःच्या गळ्यातली क्रुसाची माळ त्याच्या गळ्यात घालते. नेमकं काय आहे तिकडं, ते मात्र सांगत नाही. गंमत म्हणजे स्टोकर स्वतः ट्रान्सिल्व्हानियाला कधी गेलाच नव्हता. नकाशे आणि इतरांची प्रवासवर्णनं वाचून त्यानं तो मुलूख उभा केला. न बघितलेल्या देशाला भुताचं घर करून टाकायची ही खोड पुढं सिनेमावाल्यांना चांगलीच लागली.

1981 सालचा 'ॲन अमेरिकन वेअरवूल्फ इन लंडन' घ्या. दिग्दर्शक जॉन लँडिस. दोन अमेरिकन पोरं उत्तर इंग्लंडच्या ओसाड माळावरून चालत चालत, थंडीनं काकडत एका गावातल्या दारूच्या गुत्त्यात शिरतात. आत गप्पा रंगलेल्या असतात. दार उघडतं आणि सगळं गप्प. कुणी ग्लास अर्ध्यावर धरलाय, कुणी मान वळवून नुसतं बघतोय. पोरं कॉफी मागतात, ती मिळत नाही. हळूहळू बोलणं पुन्हा सुरू होतं, एक जण विनोद सांगतो, लोक हसतात. एवढ्यात यांतला एक जण भिंतीवरच्या पंचकोनी चांदणीकडं बोट दाखवून ती कशासाठी आहे म्हणून विचारतो. पुन्हा सगळं गार. शेवटी एवढाच सल्ला मिळतो की रस्ता सोडू नका, माळावर पाऊल टाकू नका. पोरं बाहेर पडतात आणि बोलता बोलता रस्ता सोडतात. लांडगा नंतर येतो. त्या चित्रपटाच्या मेकअपसाठी रिक बेकरला ऑस्कर मिळालं, माणसाचा लांडगा होतानाचा प्रसंग अजूनही बघवत नाही. पण माझ्या मते चित्रपटातली भीती त्या गुत्त्यातच मुरलेली आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि परक्या पोरांना सांगायला कुणाचं तोंड उघडत नाही.

आपल्याकडं हा प्रसंग घडेल का, याचा मी बराच विचार केलाय. मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, कुठल्याही वाटेवरच्या हॉटेलात अनोळखी माणूस चहाला बसला की कप येण्याच्या आत प्रश्न येतो, "पाव्हणं कुठलं?" मग आडनाव, मग अक्कलकोटला दर्शनाला निघालात का तुळजापूरला, मग त्या गावात आमचा मावसभाऊ असतो, तुमच्या ओळखीचा आहे का. माणूस वैतागतो. मुंबई-पुण्याच्या लोकांना तर हे चोंबडेपण वाटतं. पण हा चोंबडेपणा असतो तिथं तो माणूस नाहीसा झाला तर चार जण तरी सांगतील की निळा शर्ट होता, जीपनं आला, सोलापूरकडं गेला. भयपटाला हे चालत नाही. त्याला मुळात असा माणूस हवा असतो की ज्याला कुणी काही विचारलेलं नाही.

याचं सगळ्यात साधं आणि म्हणून सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे 'ओपन वॉटर'. 2003 सालचा, अगदी थोड्या पैशात केलेला चित्रपट. समुद्रात बुडी मारून मासे बघायला पर्यटकांची एक बोट जाते. एक जण मास्क घरी विसरलेला असतो, त्याच्यामुळं उतरण्या-चढण्याचा क्रम बिघडतो, आणि वर आलेली माणसं मोजताना घोळ होतो. कागदावरचा आकडा जुळतो. बोट सुटते. पाण्यात एक नवरा-बायको राहतात. तासाभरापूर्वी बोट होती तिथं आता नुसतं पाणी. ना भूत, ना खुनी. शार्क येतात, आणि ते खरेच आहेत, कारण दिग्दर्शकापाशी खोटे करायला पैसेच नव्हते. पण बघताना मला शार्कपेक्षा त्या दोघांचं भांडण जास्त लागलं. सुट्टीची कल्पना कुणाची होती, इथपर्यंत ते येतं. बायको म्हणते, मला स्कीइंगला जायचं होतं. मरणाच्या दारात नवरा-बायको याच गोष्टीवर भांडणार, याबद्दल मला शंका नाही.

हे अगदीच हवेतून आलेलं नाही. 1998 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एक अमेरिकन जोडपं असंच मागं राहिलं. बोटीवर त्यांची बॅग तशीच पडून होती, आणि ती कुणाची हे कळेपर्यंत दोन दिवस गेले. ते दोघे सापडले नाहीत. त्यानंतर तिथले माणसं मोजण्याचे नियम कडक झाले. आपल्याकडं यात्रा कंपनीचा पोरगा बस सुटायच्या आधी तीनदा डोकी मोजतो आणि आपण त्याला हसतो. त्याला हसू नये.

आता न बघितलेल्या देशाला भुताचं घर करायच्या त्या खोडीकडं येऊ. 2005 साली एली रॉथचा 'हॉस्टेल' आला. अमेरिकन पोरांना युरोपात कुणीतरी सांगतं की स्लोव्हाकियाला जा, तिथं लढाईमुळं पुरुषच उरलेले नाहीत, पोरीच पोरी आहेत. पोरं जातात आणि पैसेवाल्यांच्या कत्तलखान्यात सापडतात. आता स्लोव्हाकियात कसली लढाई? 1 जानेवारी 1993 ला चेकोस्लोव्हाकियाची वाटणी झाली ती एकही गोळी न झाडता. इकडं दोन भाऊ बांधाचं भांडण इतकं शांतपणे मिटवत नाहीत. बरं, चित्रीकरणही स्लोव्हाकियात नाही, शेजारच्या चेक देशात झालं. स्लोव्हाक लोक भडकले. रॉथचं म्हणणं असं पडलं की मी अमेरिकनांचं अज्ञान दाखवलंय. असेलही, पण अज्ञानाची टिंगल करायला ज्या देशाचं नाव वापरलं, त्याच्या वाट्याला काय आलं?

हे स्लोव्हाक लोकांचं रडगाणं आहे असं वाटत असेल तर 1984 सालचा 'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम' आठवून बघा. त्यात तो परमुलूख म्हणजे आपण आहोत. राजवाड्याच्या मेजवानीत साप, डोळ्यांचं सूप आणि गार केलेला माकडाचा मेंदू वाढतात, आणि आपले अमरीश पुरी जिवंत माणसाच्या छातीतून काळीज काढतात. भारत सरकारनं पटकथा वाचून परवानगी नाकारली, मग चित्रीकरण श्रीलंकेत केलं. मारुतीच्या देशात माकडाचा मेंदू! तेव्हा ज्या भयपटात अख्खा देशच खलनायक असतो, तो मला आळशी वाटतो. सगळेच राक्षस म्हटले की कुठलंही एक माणूस नीट रंगवावं लागत नाही.

आणि परदेशाची अशी भीती आपल्या गावानं तरी का धरावी? सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, ऐन युद्धात. 1942 च्या डिसेंबरात, अवघ्या 32 व्या वर्षी, ते तिथंच वारले. अनोळखी देश, अनोळखी भाषा, रोजचा बॉम्बवर्षाव, भयपटाला लागणारं सगळं सामान त्यात आहे. तरी तो भयपट होत नाही. त्यांनी तिथली भाषा शिकून घेतली, तिथं संसार मांडला, आणि शिच्याच्वांग शहरात आजही त्यांचा पुतळा आहे.

भाषेवरून सांगतो. या चित्रपटांत एक ठरलेली युक्ती असते. खेडूत आपसात स्थानिक भाषेत कुजबुजतात, खाली भाषांतर येत नाही, आणि पाहुण्याचा घाम फुटतो. सोलापूरकरावर ही मात्रा फारशी चालत नाही. पूर्व भागात तेलुगू, बाजारात कन्नड, शेजारी दखनी, घरात मराठी. चार माणसं न कळणाऱ्या भाषेत हसली की ती आपल्याला मारायचा बेत करताहेत असं इथं कुणाच्या डोक्यात येत नाही. फार तर आपल्या शर्टाला हसत असतील.

तसंच 'मिडसोमार'चं. 2019 सालचा, स्वीडनमधल्या उत्सवाला गेलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांचा. भर उन्हात, फुलांच्या माळा घालून भयंकर गोष्टी घडतात, त्याचं जगभर कौतुक झालं. आमच्या आज्ज्यांना त्यात नवल वाटलं नसतं. दुपारी बाराला चिंचेखाली जाऊ नको, हे आम्ही लहानपणापासून ऐकलंय. गिरणी कामगारांसारख्या आपल्या भुतांनाही दोन पाळ्या असतात.

आपल्याला खरा चावणारा चित्रपट वेगळाच आहे. 2022 सालचा डॅनिश 'स्पीक नो इव्हिल'. इटलीत सुट्टीवर असताना एका डॅनिश कुटुंबाची एका डच कुटुंबाशी ओळख होते. पुढं डच लोक घरी बोलावतात, हे जातात. यजमान शाकाहारी पाहुणीच्या तोंडापुढं रानडुकराच्या मांसाचा घास धरतो. खाऊन तर बघा. ती खाते, कारण नाही म्हणणं बरं दिसत नाही. मग आणखी एक गोष्ट, मग आणखी एक. दार उघडं असतं, गाडी उभी असते, पण माणसं निघत नाहीत, कारण यजमानाला काय वाटेल! ताटावर हात आडवा धरला तरी पुरणपोळी वाढणाऱ्या, आणि वाढलेली मुकाट खाणाऱ्या आपल्या माणसांनी हा चित्रपट जरूर बघावा. आपल्याकडं आग्रह प्रेमाचा असतो, हे खरं. त्या घरातही पहिल्या दिवशी तसंच वाटतं.

आणि चित्रपटाच्या बाहेरचं एक सांगायला हवं, कारण हे ऐकणाऱ्यांत नोकरी शोधणारी पोरं असतील. थायलंडमध्ये डेटा एंट्रीचं काम, राहणं-खाणं फुकट, पगार डॉलरमध्ये, अशी जाहिरात मोबाइलवर येते. बँकॉकला उतरल्यावर गाडी शहरात न जाता सरहद्दीकडं जाते, नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावाडी भागात. पासपोर्ट काढून घेतात, आणि उंच भिंतींच्या आत बसवून त्याच पोरांकडून इंटरनेटवर जगभरच्या लोकांना लुबाडण्याचं काम करून घेतात. नाही म्हटलं की मार. 2025 च्या मार्चमध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी अशा पाचशेहून जास्त भारतीयांना परत आणलं. यावर चीनमध्ये 2023 साली 'नो मोअर बेट्स' हा चित्रपट आला, तुफान चालला, आणि आमची बदनामी झाली म्हणून कंबोडियानं त्यावर बंदी घातली. इथं मात्र माझी सहानुभूती स्लोव्हाक लोकांना दिली तशी देता येत नाही, कारण असले कोंडवाडे तिथंही खरेच आहेत. परदेशी नोकरी लावणारा एजंट नोंदणी केलेला आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येतं. बघून घ्या. आणि कुठं, कुणाबरोबर, कुठल्या विमानानं चाललाय, ते घरच्यांना कागदावर लिहून द्या. आई चार वेळा विचारेल. विचारू दे.

वेळ संपत आलाय. या सगळ्यांतला एकच बघायचा असेल तर कुठला, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर 'स्पोरलोस'. 1988 सालचा, जॉर्ज स्लुइझर या दिग्दर्शकाचा डच चित्रपट. एक डच जोडपं गाडीनं फ्रान्सला चाललेलं असतं. पेट्रोल पंपावर थांबतात, ती थंड पेय आणायला आत जाते आणि परत येत नाही. बस्स. मग तो तीन वर्षं भिंतींवर तिचे फोटो चिकटवत फिरतो. यात नाव पुकारणारा आहे, आणि तेच त्याला भोवतं. गुन्हेगार कोण, हे आपल्याला लवकरच कळतं. तो रसायनशास्त्राचा शिक्षक आहे, दोन मुलींचा प्रेमळ बाप. गुन्ह्याची तो तालीम करतो. गुंगीचं औषध स्वतःच हुंगतो, किती वेळ बेशुद्ध राहिलो ते घड्याळात बघतो, वहीत टिपतो. माळावरच्या घरात सगळ्यांना गंमत म्हणून किंचाळायला लावतो आणि नंतर शेजाऱ्याकडं चौकशी करतो की काही ऐकू आलं का. रक्ताचा थेंब दिसत नाही, आणि तरी शेवटच्या दहा मिनिटांनंतर तुम्ही दिवा लावायला उठाल.

बघाल तर हा मूळ डचच बघा. त्याच दिग्दर्शकानं 1993 साली अमेरिकेत तो पुन्हा केला आणि लोकांना बरं वाटावं म्हणून शेवट बदलून टाकला. तो टीव्हीवर लागलेला दिसला तर खुशाल चॅनेल बदला.

नमस्कार.